जिभेची पोटाशी गट्टी फू!



या आठवड्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र असं निघालं, की 'उचकी का लागते' आणि 'नखं कापताना दुखत का नाही' हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवून आधी त्याचंच उत्तर द्यावं असं वाटलं. (उचकीवाल्यांनो, रागावू नका. पुढच्या खेपेला तुमचाच नंबर!)

पत्र आठवीतल्या एका मुलीचं आहे. नाव छापू नका असं तिनं लिहिलंय, म्हणून आपण तिला नुसतं 'ताई' म्हणू. एका अडीच वर्षांच्या भावाची ती ताईच आहे आणि प्रश्नही त्याच्याविषयी आहे. ती लिहिते:

"डॉक्टरकाका, माझा भाऊ सातव्या महिन्यातच जन्मला. खूप दिवस काचेच्या पेटीत होता. तेव्हापासून त्याला नळीतूनच दूध देतात. आधी नळी नाकात होती, आता पोटावर छोटं बटणासारखं बसवलंय, त्यातून देतात. आता डॉक्टर म्हणतात की त्याला गिळता येतं, हळूहळू तोंडानं खायला शिकवा. पण तो काही म्हणजे काही खात नाही. चमचा दिसला की मान फिरवतो. पाडव्याला मी त्याला श्रीखंडाचं बोट चाटवायला गेले तर त्याला ओकारीच आली. आजी म्हणते, पोरगं लाडावलंय, हट्टी आहे. आई काही बोलत नाही, पण रात्री रडते. काका, श्रीखंड कुणाला आवडत नाही असं असतं का? तो खरंच हट्टी आहे का?"

ताई, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच परिच्छेदात देऊन टाकतो, म्हणजे तुला शेवटपर्यंत जीव मुठीत धरून वाचायला नको. नाही, तुझा भाऊ हट्टी नाही. त्याच्या जिभेची आणि पोटाची अजून ओळखच झालेली नाही, इतकंच. ती ओळख आपल्या सगळ्यांची कधी आणि कशी होते, हे आज पाहू.

नळी कशासाठी?

दूध पिणं तुम्हाला फार सोपं काम वाटतं ना? पण बाळाच्या दृष्टीनं ती मोठी कसरत असते. चोखायचं, गिळायचं आणि मधेच श्वासही घ्यायचा. तिन्हींचा ताल जमला नाही तर दूध श्वासनळीत जायचं. हा ताल आईच्या पोटात साधारण ३४ आठवडे झाल्यावर जमू लागतो. त्याच्या आधीच जगात आलेल्या बाळाला भूक भागवायची तर मधला रस्ता काढावा लागतो. नाकातून किंवा तोंडातून एक बारीक, मऊ नळी थेट जठरापर्यंत सरकवतात आणि तिच्यातून आईचं दूध देतात. आपल्याकडच्या दवाखान्यांत नाकातल्या अशा नळीला सर्रास 'राइल्स ट्यूब' म्हणतात. जॉन राइल नावाच्या इंग्रज डॉक्टरांवरून हे नाव पडलं.

नळी खूप महिने लागणार असेल तर नाकातली नळी त्रासाची होते. मग पोटावर छोटंसं छिद्र करून तिथूनच नळी बसवतात. पूर्वी त्यासाठी पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागे. १९७९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की या डॉक्टरांनी दुर्बिणीच्या मदतीनं, पोट न फाडता ती बसवण्याची युक्ती काढली. त्यांचा पहिला पेशंट होता अवघं साडेचार महिन्यांचं बाळ! तुझ्या भावाच्या पोटावरचं बटण म्हणजे याच घराण्यातलं.

तेव्हा नळीला नावं ठेवू नका हं. अनेक बाळं आज शाळेत धुडगूस घालताहेत ती नळीच्या कृपेनं. पण नळी जिभेला न विचारता पुढे जाते, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

पोटातले कावळे कोण मोजतं?

भूक म्हणजे काय? 'पोटात कावळे ओरडतात' असं आपण म्हणतो. १९१२ साली वॉशबर्न नावाच्या एका अमेरिकन पठ्ठ्यानं हे कावळे मोजायचे ठरवले. त्यानं नळीला बांधलेला एक रबरी फुगा चक्क गिळला! फुगा जठरात फुगवला आणि नळीचं दुसरं टोक नोंद करणाऱ्या यंत्राला जोडलं. त्याचे गुरू वॉल्टर कॅनन यांच्याबरोबर हा प्रयोग चालला होता. जठर आवळलं की फुगा दाबला जायचा आणि कागदावर रेघ वर उडायची. भुकेची कळ आणि जठराचं आवळणं यांची जोडी जमत होती.

पण भूक नुसत्या आवळण्यानं लागत नाही. १९९९ साली जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांना जठरात तयार होणारं एक रसायन सापडलं. त्याचं नाव घ्रेलिन. पोट रिकामं झालं, जेवायची वेळ जवळ आली, की रक्तात घ्रेलिन वाढतं आणि मेंदूला सांगावा जातो: "अहो, पानं मांडा!" जेवण झालं की ते उतरतं.

आता नळीवरच्या बाळाचं बघा. सकाळी सहाला दूध, नऊला दूध, बाराला, तीनला. काही बाळांना तर रात्रभर पंपानं थेंब थेंब जात असतं. हे सगळं घड्याळाच्या काट्यावर. बाळ कमी खाऊन अशक्त होऊ नये म्हणून असंच करावं लागतं. पण त्यामुळे कावळ्यांना ओरडायची पाळीच येत नाही. पोट रिकामं झालं, रडावंसं वाटलं, मग तोंडात काहीतरी गोड आलं आणि बरं वाटलं, हा जो धडा तुम्ही-आम्ही पाळण्यात असताना दिवसातून आठ-दहा वेळा गिरवला, तो या बाळानं गिरवलेलाच नसतो.

टॉमची गोष्ट

तुम्ही म्हणाल, पोट भरल्याशी मतलब! कुठून का भरेना!

तर मग टॉमची गोष्ट ऐका. १८९५ साली, नऊ वर्षांचा असताना, या अमेरिकन मुलानं शिंपल्यांचं उकळतं सूप घाईघाईनं घशाखाली ओतलं. अन्ननलिका आतून भाजली आणि जखम भरताना ती कायमची मिटूनच गेली. डॉक्टरांनी पोटावर छिद्र करून जठरात अन्न घालायची सोय केली. टॉम जगला, मोठा झाला, नोकरी करू लागला. पुढे १९४०च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये स्ट्युअर्ट वूल्फ आणि हॅरल्ड वूल्फ या दोन डॉक्टरांनी त्याच्या पोटाचा अभ्यास केला. १९४३ साली त्यावर पुस्तकही आलं.

टॉमची जेवायची रीत मोठी अजब होती. अन्न नुसतं पोटात टाकलं तर त्याला जेवल्याचं समाधानच होत नसे. म्हणून तो प्रत्येक घास आधी तोंडात घ्यायचा, नीट चावायचा, चव घ्यायचा आणि मग तो बाहेर काढून नळीच्या नरसाळ्यात घालायचा. रोजच्या रोज, वर्षानुवर्षं. ऐकायला कसंसंच वाटतं खरं, पण पोटाला जेवण पोचत असूनही टॉमची जीभ उपाशी राहत होती, हे त्यातून कळतं.

रशियातल्या इव्हान पाव्हलॉव्ह यांनी हेच कुत्र्यांमध्ये पाहिलं होतं. कुत्र्यानं अन्न चावून गिळलं पण ते जठरात न पोचता मानेपाशीच बाहेर पडलं, तरी जठरात पाचक रस भराभर झरू लागे. उलट, कुत्र्याच्या नकळत अन्न परस्पर जठरात ठेवलं तर रस फारच कमी आणि उशिरा येई. म्हणजे जीभ पोटाला आधी वर्दी देते: "पाहुणे येताहेत रे, चूल पेटव!" पचनावरच्या कामाबद्दल पाव्हलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

पोट जिभेला काय शिकवतं?

जीभ पोटाला वर्दी देते, हे झालं. आता याच्या उलट बाजू पाहू. ती आणखी गमतीची आहे.

१९६२ साली अमेरिकेतल्या एपस्टाइन आणि टायटलबॉम या शास्त्रज्ञांनी उंदरांना नळी बसवली आणि समोर एक कळ ठेवली. कळ दाबली की पातळ अन्न थेट जठरात. ना चव, ना वास. उंदीर शिकले आणि कळ दाबून आपलं पोट आपणच भरू लागले. शास्त्रज्ञांनी गुपचूप अन्नात पाणी वाढवलं, तर उंदरांनी जास्त घेऊन बरोबर भरपाई केली! म्हणजे पोटाला जिभेशिवायही हिशेब कळतो.

१९८८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजातले अँथनी स्क्लाफानी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं पुढचं पाऊल टाकलं. उंदरांना प्यायला दोन चवींची पाणी ठेवली. समजा, एक द्राक्षाच्या चवीचं, एक चेरीच्या. उंदीर द्राक्षाचं पाणी प्यायला लागला की त्याच वेळी नळीतून त्याच्या जठरात पिष्टमय पदार्थाचं द्रावण, म्हणजे भरपूर ऊर्जा, सोडायची. चेरीचं प्यायला की जठरात नुसतं पाणी. काही दिवसांनी दोन्ही बाटल्या समोर ठेवल्या. उंदरांनी द्राक्षाची बाटली जवळजवळ सोडलीच नाही. (काही उंदरांना उलटं, चेरीबरोबर अन्न दिलं होतं. त्यांना चेरी आवडू लागली.)

काय झालं असेल? जिभेनं फक्त चव चाखली होती, शक्ती मिळाली ती पोटाला. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, म्हणून पोटानं मेंदूला कळवलं: "ही चव ध्यानात ठेव, आपल्या फायद्याची आहे." चव 'आवडते' म्हणजे काय, तर बरेचदा असं पोटानं दिलेलं शिफारसपत्र असतं.

आपल्यालाही आजीच्या हातचा मऊ वरणभात, वर तुपाची धार आणि लिंबू आवडतं ना? त्या चवीला अशी शेकडो शिफारसपत्रं मिळाली आहेत. घास तोंडात, ऊब पोटात, आणि शेजारी आजी.

आता तुझ्या भावाकडे वळू, ताई. त्याच्या पोटात दूध गेलं तेव्हा जिभेवर काहीच नव्हतं. आणि जिभेवर, ओठांवर, नाकात जे काही आलं ते काय होतं? चिकटपट्टी. नळी बदलतानाची टोचणी. घशातला कफ ओढणारं यंत्र. म्हणजे त्याच्या मेंदूनं दोन धडे पाठ केले. पहिला: पोट भरण्याशी तोंडाचा काही संबंध नाही. दुसरा: तोंडाजवळ कुणी काही आणलं तर सावध राहा, दुखणार आहे. तुझं श्रीखंडाचं बोट किती मायेचं होतं हे आपल्याला माहीत. त्याला फक्त तोंडाकडे येणारी वस्तू दिसली. ओकारी मुद्दाम काढता येत नाही. ती त्याच्या घशानं लावलेली कडी होती.

शिकायचं वय

आणखी एक गोष्ट. खाणं शिकायची सुरुवात आपण समजतो त्याच्या कितीतरी आधी होते. आई जे खाते त्यातल्या काही चवी गर्भाच्या भोवतालच्या पाण्यात आणि पुढे दुधात उतरतात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ज्युली मेनेला यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही आयांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत किंवा बाळाला पाजत असताना गाजराचा रस नेमानं घेतला होता. त्यांच्या बाळांना पुढे गाजराच्या रसात कालवलेली खीर दिली, तेव्हा इतर बाळांपेक्षा त्यांनी तोंडं कमी वाकडी केली! सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचे या शाळेतले दिवसही बुडालेले असतात.

मग येतो सहावा-सातवा महिना. या सुमाराला आपल्याकडे उष्टावण करतात. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीच्या वाटीत खीर, आणि बाळाचं ते नवलानं तोंड हलवणं. १९६४ साली इंग्लंडमधल्या रोनाल्ड इलिंगवर्थ आणि लिस्टर या डॉक्टरांनी लिहिलं, की बाळाला चावता येऊ लागतं त्याच वयात घट्टसर अन्न दिलं नाही तर पुढे ते शिकवणं फार अवघड जातं. हे शिकायचं एक खास वय असतं. आपल्या पणजीनं कुठलाही प्रयोग न करता मुहूर्त बरोबर धरला होता म्हणायचा!

तुमच्या घरी किंवा शेजारी एखाद्या आजोबांना आजारपणात नाकातून नळी घातलेली तुम्ही पाहिली असेल. असे आजोबा बरेचदा खुणेनं लोणचं मागतात, पोह्यांचा वास आला की मान वळवतात. कारण सत्तर वर्षांच्या चवी त्यांच्या डोक्यात साठलेल्या असतात. ताईच्या भावाकडे मात्र आठवायलाच काही नाही. जी भाषा कधी ऐकलीच नाही तिच्यात कुणी कविता म्हणत नाही म्हणून त्याला हट्टी म्हणायचं का?

माझी एक चूक

इथे मला एक कबुली द्यायची आहे. खूप वर्षांपूर्वी, मी नवा नवा डॉक्टर असताना, अशाच एका मुलाच्या आईला मी ऐटीत सांगितलं, "नळीतलं दूध कमी करा. भूक लागली की आपोआप खाईल. पोटाला चिमटा बसला की सगळे खातात." भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा, ही म्हण मी लहानपणापासून ऐकलेली. पण तो मुलगा खाईना. मलूल झाला, वजन उतरलं, तरी तोंड उघडीना. शेवटी नळीतलं दूध पुन्हा पूर्ववत करावं लागलं. चूक माझी होती, घरच्यांची बोलणी मात्र त्या आईनं खाल्ली.

म्हण खोटी नाही. पण ज्याला 'भूक लागली की खायचं असतं' हे माहीत आहे, त्याच्यासाठी ती आहे. ज्याला पोटातली ती कळ म्हणजे भूक आणि तिचं औषध तोंडातून जातं, हेच ठाऊक नाही, त्याला नुसतं उपाशी ठेवून काय होणार? तो फक्त चिडेल, थकेल.

गट्टी परत जमते!

मग उपाय काय? उंदरांनी सांगितलेलाच: दोन्ही गोष्टी एकाच वेळी.

काही बाळांची अन्ननलिका जन्मतःच मधे तुटलेली असते. ती जोडण्याची शस्त्रक्रिया काही महिने लांबणार असेल तर काही ठिकाणी डॉक्टर वरच्या तुकड्याचं तोंड मानेवर उघडतात आणि पोटाला नळी लावतात. मग बाळाला तोंडानं थोडं दूध पाजायचं. ते मानेवरच्या छिद्रातून कापडावर येतं. त्याच वेळी नळीतून पोटात दूध सोडायचं. सगळं सांडून जाणारं दूध पाजायचं कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण बाळ त्यातून शिकतं, की चव आली की पोट भरतं. पुढे शस्त्रक्रिया झाल्यावर अशा बाळांना खाणं सोपं जातं.

म्हणूनच, गिळणं सुरक्षित आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर नळीतून दूध देताना बाळाला ताटांजवळ घेऊन बसतात, ओठांना चव लावतात. छोट्या बाळांना नळीतून दूध जाताना चोखायलाही देतात.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मुलांची नळी सोडवण्याचं काम नावाजलेलं आहे. तिथे रोज एक सहल भरते, आणि तीसुद्धा खोलीतच! जमिनीवर चादर पसरायची, तिच्यावर खायचे पदार्थ मांडायचे आणि मुलांना मोकळं सोडायचं. कुणी कुणाला भरवायचं नाही, 'एक घास काऊचा' नाही, आग्रह नाही. मुलं हात बरबटतात, पदार्थ फेकतात, आईच्या गालाला फासतात. कधीतरी एखादं बोट चुकून तोंडात जातं. याच काळात डॉक्टरांच्या नजरेखाली, वजन मोजत मोजत, नळीतलं अन्न कमी करतात म्हणजे खरी भूक लागते. माझ्या चुकीत आणि यात हाच फरक आहे. मी भूक आणली होती, पण तोंडाची भीती घालवली नव्हती.

आणि वेळ लागतो हं! अमेरिकेतल्या लिअॅन बर्च यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना नवनवी फळं आणि चीज चाखायला दिली. काही पदार्थ दोनदाच, काही दहा, पंधरा, वीस वेळा. जो पदार्थ जास्त वेळा चाखला तो जास्त आवडला. ही तर नेहमी जेवणारी मुलं होती. पहिल्या दोन वेळा तुम्हीही कारलं थुंकलंच असेल की! मग नळीवरच्या मुलाला शंभर वेळा लागल्या तर नवल काय?

ताई, तू काय करशील?

एक, भावाला तुझ्या शेजारी बसवून जेव. त्याला भरवू नकोस. तू मजेत जेवतेस हे त्याला दिसू दे.

दोन, त्याच्या हातात वस्तू दे: सोललेलं केळं, पोळीचा तुकडा, वाटीत थोडं दही. चिवडू दे. तोंडाला नाही लावलं तरी चालेल. सांडलेलं पुसायचं काम मात्र तुझं.

तीन, चोरून काही भरवू नकोस. प्रेमानंसुद्धा नाही. घास श्वासनळीत गेला तर जिवावर बेतू शकतं. काय द्यायचं, किती पातळ द्यायचं, हे आधी डॉक्टरांना किंवा गिळणं शिकवणाऱ्या तज्ज्ञांना विचारायचं. बोलणं शिकवणारे स्पीच थेरपिस्टच बरेचदा हेही शिकवतात. नळीला तर हातच लावायचा नाही.

चार, त्यानं एखाद दिवशी बोट चाटलं तर घरभर टाळ्या पिटू नका. गप्प राहून गालातल्या गालात हसा. सगळ्यांचे डोळे आपल्या तोंडाकडे लागलेत हे कळलं, की तुम्हालासुद्धा घास जात नाही.

बाकीच्या दोस्तांनो, तुमच्या वर्गात नळी लावलेला एखादा मुलगा किंवा मुलगी आली तर 'सोंड' वगैरे म्हणू नका. मधल्या सुट्टीत डबा खायला आपल्यातच बसवा. न विचारता डब्यातलं काही देऊ मात्र नका.

आईबाबा आणि आजीसाठी चार ओळी

तोंडानं न खाणाऱ्या मुलाचेही दात रोज घासायचे असतात; उलट त्यांच्या दातांवर कीटण लवकर चढतं. तोंड दाबून धरून, नाक मिटून, झोपेत असताना घास घालू नका. त्यामुळे शिकलेलं विसरतं आणि भीती दुप्पट होते. नळीतलं अन्न आपल्या मनानं कमी करू नका. आणि आजी, तुमचा राग काळजीपोटी आहे हे मला कळतं. पण पोरगं हट्टी असतं तर आजच्याऐवजी उद्या खाल्लं असतं. हे पोरगं घाबरलेलं आहे. त्याला तुमच्या मांडीवर बसवून तुम्ही पेज पिऊन दाखवा. आणि त्याच्या आईला तेवढं 'तुझं काही चुकलं नाही' असं एकदा म्हणा.

करून पाहा

नाक चिमटीत धरा, डोळे मिटा आणि कुणाला तरी वेलदोडा घातलेलं चमचाभर श्रीखंड जिभेवर ठेवायला सांगा. काय कळलं? फक्त गोड आणि आंबट. आता नाक सोडा. वेलदोडा आला ना धावत? म्हणजे 'चव' म्हणून आपण जे म्हणतो त्यात निम्मं काम नाकाचं. ज्याच्या नाकात महिनोन् महिने नळी आणि गालावर पट्टी होती, त्याला आपल्याइतकं श्रीखंड कसं कळणार?

ताई, तुझ्या भावाचं बोट ज्या दिवशी आपण होऊन वाटीत जाईल, त्या दिवशी मला पत्र टाक. वाटीत श्रीखंड होतं की वरण, तेही लिही.

पुढच्या अंकात उचकी!

तुमचा,
डॉक्टरकाका